सुवर्णदुर्गाला जाताना परवाना पाहिलात का?
जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्गाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दापोलीत येणाऱ्या पर्यटकांची पावले आता हर्णै बंदराकडे अधिकच वळणार. किल्ला समुद्रात, होडीवाचून गत्यंतर नाही. परंतु मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडून नौकेची तपासणी व परवाना आवश्यक असतो. किती माणसे बसवायची, हेही त्यातच ठरते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा बोटीत क्षमतेहून अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. म्हणून परवाना किनाऱ्यावरच पाहावा, जाकीट मागून घ्यावे आणि त्याचे बंद होडी सुटण्यापूर्वीच बांधावेत.