टाइम सिरीजचं नाव कसं ठरतं? (या भागाचा लिखित मजकूर)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. बोलताना झालेली थोडी पुनरावृत्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.

टाइम सिरीज म्हणजे काय? वेळ आणि आकडा, अशा जोड्यांची रांग. हवामान केंद्रातलं तापमान, शेअरचा भाव, सर्व्हरचा सीपीयू, सगळं हेच. माझं रोजचं काम प्रोमिथियसवर चालतं, म्हणून उदाहरणं तिथली घेतो. हे सॉफ्टवेअर २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालं आणि २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशनकडे आलं. कुबरनेटिसनंतरचा तो त्यांचा दुसराच प्रकल्प.

आता मुख्य प्रश्न. अशा लाखो रांगा असतील, तर त्यातली नेमकी एक ओळखायची कशी?

आधीच्या पिढीतल्या ग्राफाइटमध्ये नाव म्हणजे टिंबांनी जोडलेला पत्ता होता: सर्व्हर, टिंब, रिक्वेस्ट, टिंब, गेट, टिंब, ५००. प्रत्येक सिरीजची डिस्कवर एक वेगळी फाइल. समजायला सोपं आहे, पण तिसऱ्या जागेवर नक्की काय लिहिलंय हे माणसाने लक्षात ठेवायचं. उद्या मध्येच ‘शहर’ घालायचं ठरलं, की सगळे पत्ते बदलले आणि जुने डॅशबोर्ड कोरे!

प्रोमिथियसमध्ये जागेला महत्त्व नाही. तिथे एक मेट्रिकचं नाव असतं आणि त्याला लेबलं चिकटवलेली असतात: मेथड = गेट, स्टेटस = ५००, सर्व्हर = ७. लेबलं कुठल्याही क्रमाने लिहा, सिरीज तीच. गंमत म्हणजे आतल्या आत मेट्रिकचं नावसुद्धा एक लेबलच असतं. आणि नियम एकच: लेबलांचा पूर्ण संच म्हणजे त्या सिरीजची ओळख. एका लेबलची व्हॅल्यू बदलली, की ती नवी सिरीज. जुनी तिथेच थांबते.

मग शोध कसा लागतो? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तसाच. प्रत्येक सिरीजला आत एक क्रमांक मिळतो. ‘स्टेटस = ५००’ समोर अशा क्रमांकांची यादी, ‘मेथड = गेट’ समोर दुसरी. दोन्ही याद्या क्रमाने लावलेल्या असतात, त्यामुळे दोन्हींत असलेले क्रमांक पटकन निघतात.

आकडे साठवणं त्यामानाने स्वस्त आहे. वेळेचे ८ आणि आकड्याचे ८, असे एका नोंदीचे १६ बाइट होतात. पण नोंदी ठरावीक अंतराने येतात आणि आकडा फारसा हलत नाही, म्हणून फक्त फरक साठवला तरी चालतं. फेसबुकने २०१५ मध्ये गोरिला या पद्धतीवर पेपर लिहिला, त्यात सरासरी १.३७ बाइटपर्यंत मजल गेली होती. प्रोमिथियसची पद्धतही त्याच वळणाची.

म्हणजे महाग काय? ओळख! हिशेब करू. ४ मेथड, ५ स्टेटस, २० सर्व्हर. गुणाकार ४००. इतक्या सिरीज आरामात चालतात. आता कोणीतरी म्हणतं, ‘युजर आयडी पण टाकूया ना लेबलमध्ये, डीबगिंगला बरं.’ युजर १ लाख. ४०० गुणिले १ लाख, म्हणजे जास्तीत जास्त ४ कोटी सिरीज. चालू सिरीजची माहिती मेमरीत ठेवावी लागते. प्रत्येकीला फक्त १ केबी धरली तरी ४० जीबी रॅम झाली, आणि खरा खर्च त्याहून जास्तच असतो. याला म्हणतात कार्डिनॅलिटीचा स्फोट.

आणि हा स्फोट बहुतेक वेळा वाईट वेळीच होतो. ट्रॅफिक वाढतं, नवे युजर येतात, तशा नव्या सिरीजही जन्मतात. म्हणजे साइट अडखळते त्याच रात्री मॉनिटरिंगची मेमरी संपते. पुन्हा सुरू करावं तर ते आधी आपला लॉग वाचून मेमरी भरायला घेतं, आणि ऑन-कॉल माणूस कोऱ्या ग्राफकडे बघत बसतो. रुग्ण अत्यवस्थ आणि ईसीजीचं मशीन बंद, असा प्रकार.

कुबरनेटिसमध्ये हेच जरा हळू होतं. साधारणपणे दर डिप्लॉयमेंटला पॉडचं नाव बदलतं, आणि पॉडचं नाव लेबलमध्ये असेल तर सिरीजचा अख्खा नवा संच तयार होतो.

म्हणून लेबल लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: याच्या व्हॅल्यू किती असू शकतात, हे मला आज सांगता येतं का? मेथड, स्टेटस, शहर यांचं उत्तर देता येतं, ती लेबलं. युजर आयडी, ईमेल, ऑर्डर क्रमांक यांची यादी वाढतच राहणार. त्यांची जागा लॉगमध्ये किंवा ट्रेसमध्ये. ‘किती जणांना एरर आली’ हे मेट्रिकला विचारा, ‘कोणाला आली’ हे लॉगला.

आजच काम झाल्यावर तुमच्या प्रोमिथियसचं स्टेटस पान उघडून बघा. कुठल्या मेट्रिकच्या सिरीज सर्वांत जास्त आहेत आणि कुठल्या लेबलला सर्वांत जास्त व्हॅल्यू आहेत, दोन्ही याद्या तिथे तयार मिळतात. पहिल्या दोन-तीन ओळी वाचल्या तरी पुष्कळ कळेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर लेबलं जपून लावा!