स्तनाच्या कर्करोगानंतर वल्हवणे: निवृत्तीपूर्वी नौका-उत्सव भरवताना

नोकरीची एक-दोन वर्षे उरली आहेत. कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले आहेत. आपल्यासारख्याच मैत्रिणींना जमवून तलावावर वल्हवण्याचा छोटा उत्सव भरवावा, असे मनात आहे. पण घरचे म्हणतात, "त्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलू नकोस." ही भीती कितपत खरी आहे?

हाताला सूज का येते?

शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिले, तर हातातील लसिका द्रव वाहून जाण्याचा मार्ग अरुंद होतो. द्रव साचून हात सुजतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. जोराच्या कामाने ही सूज येईल, असे पूर्वी डॉक्टरही सांगत.

व्हँकुव्हरमध्ये काय दिसले?

१९९६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे क्रीडावैद्यकतज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी हा समज तपासायचे ठरवले. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ स्त्रियांना त्यांनी आधी व्यायामशाळेत तयार केले, मग ड्रॅगन बोटीत बसवले. ही लांब, अरुंद नाव साधारण वीस जण मिळून वल्हवतात. त्या स्त्रिया शहराच्या नौका-उत्सवात उतरल्या. कोणालाही नव्याने सूज आली नाही. आज अनेक देशांत अशी पथके आहेत.

हा गट लहान होता. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वजन उचलण्याच्या अभ्यासातही हळूहळू आणि देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही. लसिका द्रव पुढे ढकलायला हृदयासारखा पंप नसतो. स्नायूंची हालचाल त्याला मदत करते.

सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना काय विचारावे?

• जखम आणि खांदा पूर्ण बरा झाला आहे का?
• हृदयावर परिणाम करू शकणारी औषधे (उदा. डॉक्सोरुबिसिन, ट्रास्टुझुमॅब) मिळाली असल्यास इको तपासणी हवी का?
• हाडे ठिसूळ आहेत का, किंवा आजार हाडांत पसरला आहे का?
• आधीच सूज असल्यास दाब देणारी बाही घालावी का?

तयारी कशी करावी?

उत्सवाची तारीख ठरवण्याआधी सरावाचे महिने मोजा. पहिले काही आठवडे चालणे, खांद्याचे ताण आणि हलकी वजने. मग पाण्यावर थोडा वेळ, आणि दर आठवड्याला थोडीच वाढ. जोर हातापेक्षा कमरेच्या वळणातून लावायला प्रशिक्षकाकडून शिका.

पोहता येत असले तरी प्रत्येकीला लाइफ जॅकेट हवेच. सोबत बचाव नाव, प्रथमोपचार पेटी, सावली आणि पिण्याचे पाणी ठेवा. पावसाळ्यातील गढूळ पाणी टाळा. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

कधी थांबावे?

हात जड वाटणे, बांगडी किंवा अंगठी घट्ट होणे ही सुजेची पहिली खूण असू शकते. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. हात लाल, गरम होऊन ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा चक्कर आल्यास लगेच तातडीची मदत घ्या.

निवृत्तीआधीच का?

उत्सव एका दिवसाचा असतो. शरीराला फायदा होतो तो नेमाच्या सरावाचा. निवृत्तीनंतर दिवसाची घडी मोडू शकते आणि व्यायामही सुटू शकतो. नोकरीत असतानाच पथक बांधले, रविवारची सकाळ ठरली, तर निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यातही कोणीतरी फोन करून विचारते, "उद्या येतेस ना?" घरच्यांनीही एकदा काठावर येऊन सराव पाहावा.