मुलांची ॲलर्जी : पथ्य कशाचे, औषध कशाचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दिवाळी झाली की खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात आणि त्याच सुमारास आम्हा बालरोगतज्ज्ञांकडे खोकणाऱ्या, शिंकणाऱ्या, अंग खाजवणाऱ्या मुलांची गर्दी वाढते. आई मुलाला पुढे करते आणि पहिलाच प्रश्न विचारते, ''डॉक्टर, याले कशाची ॲलर्जी हाय, तेवढं सांगा.'' एका शब्दात उत्तर देता आले असते तर माझे काम फार सोपे झाले असते. पण हा शब्द आपण इतक्या गोष्टींना लावतो की आधी तोच नीट समजून घेतला पाहिजे.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तयार केला. त्या काळी घटसर्पासारख्या आजारांवर घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम टोचत असत. तेच सीरम दुसऱ्यांदा टोचले की काही मुलांना पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त त्रास होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती. शरीर शत्रूला लक्षात ठेवते, म्हणून तर लस उपयोगी पडते. ॲलर्जीत हीच आठवण चुकीच्या माणसाविरुद्ध वापरली जाते. धूळ, परागकण, दूध, अंडे या निरुपद्रवी वस्तूंना शरीर शत्रू समजते. त्यासाठी ते 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने १९६६च्या सुमारास त्यांचा शोध लावला. ही प्रतिद्रव्ये त्वचेतल्या, नाकातल्या, श्वासनलिकेतल्या काही पेशींवर चिकटून बसतात. ती वस्तू पुन्हा आली की या पेशी फुटतात, हिस्टामिन बाहेर पडते आणि शिंका, गांधी, सूज किंवा धाप सुरू होते. हे सगळे काही मिनिटांत घडते.

पण ॲलर्जीचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याचे घड्याळ संथ चालते. त्याचे उदाहरण आपल्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला उभे आहे. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी, काहीही म्हणा. मूळ अमेरिका खंडातले हे झाड आपल्याकडे १९५५-५६च्या सुमारास पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले. ते पहिल्यांदा हाताला लागले तर बहुधा काहीच होत नाही. दहाव्यांदा, विसाव्यांदा लागले की दोन दिवसांनी त्वचा लाल होते, खाजते, जाड पडते. इथे काम प्रतिद्रव्यांचे नसते, पांढऱ्या पेशींचे असते. ''परवा उपटलं तेव्हा तर काही झालं नाही,'' असे लोक म्हणतात ते त्यामुळेच. शाळेच्या श्रमदानात मुलांकडून उघड्या हातांनी गाजरगवत उपटून घेतात, ते मला अजिबात पटत नाही. उपटायचेच असेल तर मोठ्यांनी, फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटावे.

याच संथ प्रकारात कानातले दागिने येतात. खामगावला रजतनगरी म्हणतात, त्यामुळे ''चांदीची ॲलर्जी झाली'' अशी तक्रार आली की मी आधी दागिना बघतो. खऱ्या चांदीची ॲलर्जी फार क्वचित होते. पाणी गळणारे, खपली धरणारे कान बहुधा खोट्या दागिन्यातल्या निकेलचे असतात. कान टोचताना स्वस्तातल्या बाळ्या घातल्या की तिथूनच या निकेलशी पहिली ओळख होते आणि मग मोठेपणी पँटच्या बटणानेही बेंबीजवळ पुरळ उठते.

आता कापसाकडे येतो. भाव पडलेला असला की शेतकरी कापूस विकत नाही, घरात भरून ठेवतो. २०२२-२३च्या हंगामात विदर्भात अनेक घरांतून कापूस महिनोन् महिने पडून होता. दोन खोल्यांच्या घरातली एक खोली कापसाची आणि दुसरीत सगळे कुटुंब, किंवा मुले थेट कापसाच्या ढिगावरच झोपलेली. त्या कापसात वाळलेल्या पानांचा चुरा असतो, माती असते, बारीक किडे असतात, ओल लागली असेल तर बुरशी असते. अंगाला खाज सुटते, दमा असलेल्या मुलाची छाती रात्री वाजू लागते. यातले सगळे ॲलर्जी नसते. पुष्कळदा ती नुसती धुळीने होणारी चरचर असते. पण आधीच नाजूक असलेल्या श्वासनलिकेला तेवढेही पुरते. ''कापूस विकून टाका'' असे मी सांगू शकत नाही, तो सल्ला देणारा मी कोण? एवढे मात्र सांगतो, की मूल त्या खोलीत झोपू देऊ नका, ढीग ताडपत्रीने झाका, कापूस हलवायचा असेल त्या दिवशी मुलाला आजीकडे पाठवा.

कापूस नसलेल्या घरातही गादी आणि वाकळ असतेच. घरातल्या धुळीतला 'माइट' नावाचा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. आपल्या अंगाचा झडलेला कोंडा तो खातो. धुळीच्या ॲलर्जीचे मुख्य कारण हा किडा आहे, हे १९६४च्या सुमारास हॉलंडमधील लायडेन येथे फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्याला दमट हवा लागते, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर तो वाढतो. आपला वऱ्हाडी उन्हाळा त्याला सोसत नाही, ही आपली जमेची बाजू. पण किडा मेला तरी त्याची विष्ठा गादीतच राहते आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः तिचीच. म्हणून गादी उन्हात टाकून भागत नाही, ती झटकावीही लागते, आणि तेव्हा मूल आसपास नको. खोळी आणि चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवाव्यात. घरात धूप, मच्छर अगरबत्ती आणि चुलीचा धूर असेल तर त्यापुढे कुठलेही औषध अपुरे पडते.

दम्याच्या औषधाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. ''पंप नको, सवय लागते,'' हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. जरा हिशेब करू. साल्ब्युटामॉलची गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक दशांश मिलिग्रॅम असते. गोळीच्या वीसाव्या ते चाळीसाव्या हिश्श्याएवढे औषध थेट छातीत जाते. गोळीचे औषध सगळ्या शरीरातून फिरून येते, हात थरथरतात, छाती धडधडते. तरीही घरच्यांना गोळी साधी वाटते आणि पंप भयंकर! लहान मुलाला पंप देताना मध्ये 'स्पेसर' नावाची नळी हवी, नाहीतर अर्धे औषध जिभेवरच राहते. शिवाय पंप दोन प्रकारचे असतात. एक तात्पुरता आराम देतो, दुसरा श्वासनलिकेची सूज रोज थोडी थोडी कमी करतो. बरे वाटले की दुसरा बंद करण्याकडे कल असतो, आणि नेमका तोच चालू ठेवायचा असतो.

मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला माशातून, किंवा कोजागिरीला खिरीतून दम्याचे औषध घ्यायला लोक जातात. जाऊन आल्यावर काहींना महिनाभर बरे वाटते. दमा मुळात कमीजास्त होणारा आजार आहे, त्यामुळे कोणत्याही उपायानंतर बरे वाटू शकते. श्रद्धेबद्दल मला बोलायचे नाही. एवढीच विनंती आहे, की त्यासाठी रोजचे औषध थांबवू नका. घटक न लिहिलेल्या पुडीपासून मात्र सावध राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड आढळलेले आहे. त्याने खोकला जादूसारखा थांबतो आणि मुलाची उंची खुंटते.

पथ्याचे असेच. केळी बंद, दही बंद, पेरू बंद, भात बंद, सीताफळ तर दारातही नको. अशी यादी घेऊन आलेली मुले मी पाहतो, आणि त्यांचे वजन पाहून वाईट वाटते. अन्नाची खरी ॲलर्जी असते. लहान बाळात गाईच्या दुधाची आणि अंड्याची जास्त आढळते आणि बहुतेकांची वाढत्या वयात जातेही. पण तो पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी, बहुधा दोन तासांच्या आत, त्रास व्हायला हवा. आजकाल रक्ताच्या एकाच नमुन्यावर शंभर-दोनशे पदार्थांचा अहवाल मिळतो. त्यात पाच-दहा पदार्थ 'पॉझिटिव्ह' येतातच. शरीरात प्रतिद्रव्ये असणे आणि ॲलर्जी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्रास नसेल तर तो कागद पाहून पदार्थ बंद करू नये.

उलट, टाळल्याने ॲलर्जी वाढूही शकते. लंडनमध्ये ६४० बाळांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ही बाळे अंड्याची ॲलर्जी किंवा तीव्र इसब असलेली, म्हणजे जोखमीची होती. ज्यांना पहिल्या वर्षापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ३ टक्के निघाली, ज्यांना दिले नाहीत त्यांच्यात सुमारे १७ टक्के. आपल्या आज्या बाळाला वरणभातात चिमूटभर कूट कालवत आल्या आहेत. अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

एक प्रसंग असा आहे, की ज्यात विचार करत बसायला वेळ नसतो. गांधीलमाशी चावली, इंजेक्शन घेतले किंवा काही खाल्ले, आणि काही मिनिटांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, उलटी, धाप, मूल गळून गेले. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. यावर पहिले औषध ॲड्रिनॅलिन, मांडीत टोचायचे. ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नका, मुलाला उभे करू नका, आडवे ठेवून मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्या. लसीकरणाच्या ठिकाणी हे औषध ठेवलेले असते. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते याचसाठी, घाई करून निघू नये.

प्रत्येक विचित्र आजार ॲलर्जी नसतो, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले. डिसेंबर २०२४ अखेर शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत गळू लागले, मुलांचेही. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला, कोणी विषाणूला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत रुग्णांच्या रक्तात, केसांत आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण जास्त आढळल्याचे त्यांनी सांगितले.

आणि प्रतिकारशक्ती जास्त चवताळण्याऐवजी जन्मतःच अपुरी असेल तर? अशी मुले कमी असतात, पण ओळखली जात नाहीत म्हणून दगावतात. ''अशक्त आहे, वारंवार आजारी पडतो,'' एवढ्यावर विषय संपतो. बालवाडीतल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे नेहमीचेच आहे. वर्षात दोनदा न्यूमोनिया, न जाणारा तोंडातला पांढरा थर, पुन्हा पुन्हा होणारे खोल गळू, महिनोन् महिने प्रतिजैविके देऊनही न वाढणारे वजन, हे मात्र नेहमीचे नाही. घरात आधीचे मूल तान्हेपणी जंतुसंसर्गाने गेले असेल, मामाकडचे मुलगे असे गेले असतील, किंवा आईवडील नात्यातले, मामे-आते भावंडे असतील, तर संशय आणखी वाढतो. अशा घरातल्या नव्या बाळाला बीसीजी आणि पोलिओचे थेंब देण्यापूर्वी ही माहिती डॉक्टरांना जरूर सांगा. या दोन्ही लसी जिवंत जंतूंपासून केलेल्या असतात, आणि प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळात त्यांचाच संसर्ग पसरू शकतो. बाकी सगळ्या मुलांनी त्या वेळेवर घ्याव्यात, याबद्दल शंका नको.

साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींमधील लिम्फोसाइटची संख्या पाहिली तरी पहिला धागा मिळतो, आणि ती तपासणी खामगावातही होते. पुढच्या तपासण्या मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत होतात. निदान लवकर झाले तर काही आजारांत ठराविक दिवसांनी प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन देता येते, काहींत अस्थिमज्जेचे रोपण करता येते. मुंबईला जाताना लसीकरणाचे कार्ड, आधीचे सगळे रक्ताचे अहवाल आणि दगावलेल्या भावंडाचे जे कागद घरात असतील तेही बरोबर न्यावेत. बहुतेक घरांत ते कागद दुःखापायी फाडून टाकलेले असतात. तसे झाले असेल तर मूल किती महिन्यांचे होते, कशाने आजारी पडले आणि कुठल्या दवाखान्यात होते, एवढे तरी आजीला विचारून एका वहीत लिहून न्यावे.