संगणकाची दुसरी किल्ली

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रातील एकाच संगणकावर सातबाऱ्यापासून जातीच्या दाखल्यापर्यंत किती कुटुंबांचे कागद हाताळले जातात! त्या यंत्रात नवा प्रोग्राम बसविणे, इतरांची खाती बदलणे, रक्षणाची व्यवस्थाच बंद करणे, ही कामे ज्या खात्यातून होतात त्यास प्रशासकाचे खाते म्हणतात. सोयीसाठी पुष्कळ ठिकाणी रोजचे टंकनही त्याच खात्यातून चालते. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

विंडोजमध्ये प्रशासकाच्या खात्यातून असे काम काढले, तर पडदा मंद होतो आणि यंत्र केवळ 'होय की नाही' एवढेच विचारते. साध्या खात्यातून काढले, तर मात्र प्रशासकाचा पासवर्ड मागते. २००७ साली व्हिस्टात ही विचारणा प्रथम आली, तेव्हा ती इतक्या वेळा होई की लोक न वाचताच 'होय' दाबू लागले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती कमी करावी लागली. उठल्यासुटल्या हटकणाऱ्या पहारेकऱ्याकडे कोण लक्ष देतो? म्हणून आमचे मत असे, की रोजचे काम साध्या खात्यातून करावे व प्रशासकाचा पासवर्ड दुसऱ्या जबाबदार माणसापाशी ठेवावा. कोषागारातील दुहेरी कुलपाची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

लिनक्समध्ये हेच काम 'सुडो' करतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात तो जन्मला. तो मागतो तो पासवर्ड बहुधा वापरणाऱ्याचा स्वतःचा असतो, आणि कोणी कोणता हुकूम चालविला ह्याची नोंदही ठेवतो. एकदा पासवर्ड दिला की काही काळ पुन्हा विचारीत नाही. मूळ सुडोत हा काळ ५ मिनिटांचा, उबुंटूत १५ मिनिटांचा. 'टाइमस्टँप टाइमआउट' शून्य केले, तर दर वेळी विचारणा होते. जेथे खुर्चीवर माणसे बदलत असतात, तेथे आम्ही शून्यच पसंत करू. 'नोपासवर्ड' ही सवलत द्यायचीच झाली, तर छपाईयंत्र पुन्हा सुरू करण्यासारख्या एखाद्याच ठरावीक हुकुमापुरती द्यावी.

हे नियम 'सुडोअर्स' नावाच्या फायलीत असतात. ती 'व्हिसुडो'नेच उघडावी, कारण साठविण्यापूर्वी तो लिखाणाची चूक दाखवितो. शिवाय बदल करताना दुसऱ्या खिडकीत प्रशासकाचे सत्र उघडे ठेवावे आणि नव्या नियमाची परीक्षा झाल्यावरच ते बंद करावे.