वळकटीला पुनर्वसन नाही

धोबीतलावच्या जेर महालात गोव्यातल्या निरनिराळ्या गावांच्या खोल्या आहेत. कोकणीत अशा खोलीला ‘कूड’ म्हणतात. भिंतीला लागून पेट्यांची रांग, एका बाजूला गावच्या संताची वेदी. पेटी हेच कपाट आणि तीच बसायची जागा. संध्याकाळी वेदीपुढं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायचा, रात्री जमिनीवर पथाऱ्या पडायच्या. आगबोटीवर काम मिळेपर्यंत तारवटी, म्हणजे खलाशी, इथं राहायचा आणि बोट लागली की निघून जायचा. मागं पेटी राही.

बंदराचं शहर अशाच माणसांवर चालतं. मात्र अशा शहरातली वस्ती कशी पालटते हे तपासताना नेमकी हीच माणसं नोंदीतून निसटतात.

अभ्यासकांची चौकट लंडनची आहे. १९६४ मध्ये रूथ ग्लास यांनी ‘जेन्ट्रिफिकेशन’ हा शब्द रूढ केला. कामगारांच्या आळीत मध्यमवर्ग येतो, घरं सजतात, किमती चढतात आणि जुना रहिवासी हटतो. १९७९ मध्ये नील स्मिथ यांनी त्यामागचं अर्थकारण मांडलं. जागेतून आज जे भाडं येतं आणि जे येऊ शकतं, त्यांतली दरी पुरेशी रुंदावली की भांडवल तिथं परततं. कंटेनर आले, लंडनच्या जुन्या गोद्या ओस पडल्या, १९८१ मध्ये सरकारनं त्यांच्यासाठी विकास महामंडळ नेमलं आणि पुढं तिथंच कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले.

मुंबईतही ही दरी खोल होती, तरी भाडं वाढलं म्हणून चाळकरी सहसा हटला नाही. १९४७ च्या भाडेकायद्यानं त्याला धरून ठेवलं. मालकानं मात्र डागडुजी सोडली. मग बिल्डरनं वाट काढली: भाडेकरूला फुकट घर द्यायचं आणि जादा चटईक्षेत्र बाजारात विकायचं. दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, म्हणजे ‘उपकरप्राप्त’, चाळींच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर झालेला भाडेकरू धरत नाहीत. म्हणजे नव्या इमारतीचा दरवाजा भाडेपावतीनं उघडतो.

पावती मात्र एकाच्या नावावर असे आणि खोलीत राहणारे दहा-बारा. गिरणगावात पाळ्या बदलत तसे झोपणारे बदलत. जेवण खानावळवाल्या बाईकडं, हिशेब पगाराच्या दिवशी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा या बायांच्या चुलीही थंडावल्या. पुढं गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर मस्टरवर नाव हवं होतं. खानावळवालीचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं. तिची पत तरी कुणीतरी धरावी म्हणून प्रेमा पुरव यांनी संपाच्या आधीच, १९७५ मध्ये, अन्नपूर्णा महिला मंडळ काढून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घराच्या बाबतीत तिच्यासाठी असा आधार उभा राहिला नाही.

पावतीवाल्याचीही गोष्ट चावी मिळाली की संपत नाही. लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा मेंटेनन्स दर महिन्याला येतो. चाळीत जेमतेम भाडं भरणारं घर इथं दमतं, फ्लॅट विकतं आणि विरार-बदलापूरकडं सरकतं. कागदावर हा पावतीवाला ‘विस्थापित’ नसतो. तो ‘विक्रेता’ असतो, वर नफ्यातला.

आता पाळी पूर्व किनाऱ्याची आहे. १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनरचा मोठा ओघ खाडीपलीकडं गेला. माझगाव ते शिवडीच्या गोदामांच्या, जहाजं फोडणाऱ्या दारूखान्याच्या जमिनीवर नवे आराखडे येताहेत. इथला हमाल, भंगार फोडणारा, ट्रकचा क्लीनर बहुधा कामाच्या जागेशीच झोपतो. त्याला भाडेकरू म्हणायचं की घुसखोर, यावर वाद घालता येईल. पण तो तिथं राहतो, हे आधी लिहिलं तर पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. अशा वस्तीची पाहणी सकाळी अकराला करू नये. तेव्हा माणसं कामावर असतात, पाहणीवाला दार वाजवतो आणि तक्त्यात ‘बंद’ लिहून पुढं जातो. रात्री साडेदहानंतर जावं. वळकट्या सुटलेल्या असतात, एकेका खोलीत किती अंगं टेकली आहेत ते दिसतं. दारं मोजून झाली की वळकट्याही मोजाव्यात. इमारत पडल्यावर त्या दोन आकड्यांमधली वजाबाकी करता येईल.