कुत्र्या-मांजराचं वैर आणि मधलं दार

म्हणी आणि वाक्प्रचार गोळा करणं हा माझा गेल्या वीस वर्षांचा उद्योग. त्यात वैराची एक वेगळी वही आहे. साप-मुंगसाचं वैर, विळ्या-भोपळ्याचं सख्य आणि 'कुत्र्या-मांजरासारखे भांडतात' हा घरोघरचा शेरा. यंदा श्रावणात ही वही वेगळ्याच कारणाने उघडावी लागली. माझे थोरले भाऊ गेले आणि त्यांचा मोती हा सहा वर्षांचा गावठी कुत्रा मागे राहिला. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या : पंचवटीतला रस्ता किंवा गंगापूर रोडवरचं माझं तीन खोल्यांचं घर. आणि घरात आधीपासून भिंगरी व काजू, अकरा आणि चार वर्षांच्या दोन मांजरी.

माझ्या भीतीला कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी मी कुत्र्याचं एक पिल्लू आणलं होतं आणि ओळख करून द्यायची म्हणून तेव्हाच्या मांजरीला उचलून थेट त्याच्यासमोर धरलं होतं. हाताला ओरखडे काढून ती खिडकीतून गेली, ती परत आलीच नाही. 'जन्मजात वैर, दुसरं काय!' अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत यंदा तपासून पाहिली.

पाणिनीने आपल्या व्याकरणात ज्यांचं वैर कायमचं, अशा प्राण्यांच्या जोड्यांसाठी समासाचा स्वतंत्र नियमच केला आहे. त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणं मांजर-उंदीर आणि साप-मुंगूस ही. दोन्हींत एक दुसऱ्याला मारतो. कुत्रा आणि मांजर यांचं नातं तसं नाही. मांजर हे काही कुत्र्याचं ठरलेलं अन्न नव्हे. ते पळतं म्हणून कुत्रा धावतो आणि कुत्रा धावतो म्हणून ते पळतं. तेव्हा हे वैर कितपत जन्मजात, असा प्रश्न उरतो.

स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांचा कुत्र्यांवरचा ग्रंथ १९६५ साली आला. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात 'आपलं कोण' हे ठरतं, असं त्यांनी दाखवलं. मांजराच्या पिल्लाचा हा काळ आणखी लवकरचा, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. १९६९ मध्ये मायकेल फॉक्स यांनी चिवावा जातीची पिल्लं मांजराच्या पिल्लांबरोबर वाढवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या पिल्लांना पुढे कुत्र्यांपेक्षा मांजरांचीच संगत आवडू लागली. मराठी वाचकाला याचं फार नवल वाटू नये. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे बिबट्याची पिल्लं माणसांच्या अंगाखांद्यावर वाढली आणि विलास मनोहरांच्या 'नेगल'मुळे ती आपल्या घरोघर पोचली.

पण मोती सहा वर्षांचा. त्याचे आठवडे कधीच सरले होते. मग उपयोगी पडला तेल अवीव विद्यापीठातल्या फॉयरस्टाइन आणि टर्केल यांचा २००८ चा अभ्यास. एका छताखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांकडे पाहून त्यांनी नोंदवलं की मांजर आधीपासून घरात असेल आणि दोघं लहान वयात भेटली असतील, तर बहुधा जमतं. त्याहून मोलाची दुसरी नोंद : दोघांच्या काही खुणांचे अर्थ परस्परविरुद्ध असतात, तरी एकत्र राहणारे प्राणी बहुतेक वेळा समोरच्याची खूण बरोबर ओळखतात. म्हणजे परकी भाषा शिकता येते.

ही भाषा आपणही शिकावी. कुत्रा सैलपणे शेपूट हलवतो तेव्हा तो खुशीत असतो; मांजर शेपूट आपटतं तेव्हा ते चिडलेलं असतं. मांजराची उभी शेपूट म्हणजे नमस्कार. कुत्र्याची ताठ उभी शेपूट पुष्कळदा आव्हान. कुत्रा कान मागे पाडून लाडात येतो. मांजराचे कान डोक्याला चिकटले की पंजा यायची वेळ झाली.

लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या पाहणीचा सूर असा, की हे नातं जमणं बरंचसं मांजराच्या निश्चिंतपणावर अवलंबून असतं. माझी पंधरा वर्षांपूर्वीची चूक इथे नेमकी कळली. मी मांजरीची पळायची वाट माझ्या हातांनी अडवली होती. अंतर किती ठेवायचं, हे मांजराला ठरवू द्यावं. बाकी सगळे उपाय याच एका सूत्राचे.

मोतीला आधी डॉक्टरांकडे नेऊन रेबीजची लस झाली आहे ना, हे पाहिलं. मग मागची खोली त्याची आणि मधलं दार बंद. पहिल्या आठवड्यात भेट फक्त वासाची : त्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मांजरींच्या गोधडीजवळ, त्यांचं त्याच्याकडे. मग दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, ताटल्या रोज वीतभर जवळ. कपाटाचा माथा रिकामा केला. मांजरींचं खाणं आणि मातीचा ट्रे मोती पोचणार नाही अशा जागी हलवला. तिसऱ्या आठवड्यात दार उघडलं. त्याआधी मोतीला गोदाकाठी दमेपर्यंत फिरवलं, घरात पट्टा हातात ठेवला. त्याने मांजरीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं की लगेच भाकरीचा तुकडा. टक लावून ताठ उभा राहिला की न ओरडता मागे वळवून खोलीत. घाई झाली तिथे एक पायरी मागे आलो. पाठलागाची संधी मिळू दिली नाही, कारण एकदा पाठलाग झाला की दोघंही तोच धडा पाठ करतात.

आज दोन महिने झाले. काजू मोतीसमोरून शेपूट उभी करून जाते. भिंगरी अजून कपाटावरच असते, पण आता तिथे झोपते. आधी नुसती बसून राहायची. मैत्री झालीच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. एकाच घरात तिघांना निर्धास्त झोप लागली, तरी पुरे. मी बाहेर पडताना मधलं दार अजून लावते. दिवाळीच्या फटाक्यांत तर ते लावीनच : मोती एका बाजूला, मांजरी दुसऱ्या बाजूला आणि मी उंबऱ्यावर.

वहीतला 'कुत्र्या-मांजरासारखे' हा शेरा मी खोडलेला नाही. समोर एवढंच लिहिलं : 'घाईने ओळख करून दिल्यास.'