वन्य प्राण्यांची कृमिचिकित्सा : निरीक्षण आणि प्रमाण

मुंगूस सर्पाशी झुंजताना दंश झाल्यास रानात जाऊन मुंगूसवेल खातो व विष उतरवून पुन्हा लढण्यास येतो, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी ऐकलेली असते. अथर्ववेदाच्या आठव्या कांडातील ओषधीसूक्तातही वराह व मुंगूस औषधी जाणतात असा उल्लेख आहे. प्राणी स्वतःची चिकित्सा करतात ही कल्पना आपल्या परंपरेस नवी नाही. मात्र गेल्या चाळीस वर्षांत या विषयावर अरण्यात राहून पद्धतशीर संशोधन झाले असून त्याचा परिचय वैद्यवर्गास व औषधी विक्रेत्यांस असणे आम्हांस अगत्याचे वाटते. या संशोधनाचा हवाला देऊन वनस्पतींचा प्रचार होण्याचा संभव असल्याने त्यातील सिद्ध काय व असिद्ध काय याचा विवेकही आवश्यक आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींची चिकित्सा त्रिविध सांगितली आहे : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. प्राण्यांच्या वर्तनाविषयी जे आढळले, ते या तीन शीर्षकांखाली मांडल्यास आपणांस समजणे सुलभ जाईल. ही मांडणी आमची आहे; संशोधकांनी ती केलेली नाही.

प्रकृतिविघात : कडू गराचा रस

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात टांगानिका सरोवराच्या काठी महाले पर्वत राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे नोव्हेंबर १९८७ मध्ये संशोधक मायकेल हफमन आणि त्यांचे स्थानिक सहकारी, टोंग्वे जमातीतील वनौषधींचे जाणकार मोहमेदी सैफू कलुंडे हे एका रुग्ण चिंपांझी मादीचे निरीक्षण करीत होते. मादी मलूल होती, तिला अन्नावर वासना नव्हती व मलमूत्रप्रवृत्तीही बिघडलेली होती. तिने व्हर्नोनिया अमिग्डालिना या झुडपाची कोवळी फांदी तोडली, पाने व साल काढून टाकली, आतील अत्यंत कडू गर चावून रस गिळला आणि चोथा थुंकला. हे झुडूप टोंग्वे लोक जंतांवर व पोटदुखीवर वापरतात, हे कलुंडे यांनी तत्काळ ओळखले. सुमारे चोवीस तासांत मादी पूर्ववत हिंडू-खाऊ लागली. हे निरीक्षण १९८९ साली प्रसिद्ध झाले.

पुढे दुसऱ्या एका मादीच्या मलाची परीक्षा करता आली. आतड्यात गाठी उत्पन्न करणाऱ्या इसोफॅगोस्टोमम या गोल कृमीची अंडी रस घेण्यापूर्वी प्रतिग्रॅम मलात १३० होती, ती वीस तासांनी १५ वर आली. अंड्यांची संख्या स्वभावतःच कमीअधिक होत असते, म्हणून एका रुग्णावरून सिद्धान्त करता येत नाही. तथापि या कृमींचा उपद्रव पावसाळ्यात वाढतो व गर चावण्याचे वर्तनही त्याच ऋतूत अधिक दिसते, ही संगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

येथे दोन गोष्टी वैद्यांनी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली, प्रयुक्त अंगाची. या वनस्पतीतील व्हर्नोडालिन हे विषारी द्रव्य पानांत व सालीत अधिक असते. चिंपांझी नेमकी तीच टाकून गर घेतात. दुसरी, साधर्म्याची. आपल्याकडील कडू जिरे वनस्पतिशास्त्रात दीर्घकाळ याच व्हर्नोनिया गणात गणले जात होते आणि त्याच्या ‘अँथेल्मिंटिका’ या जातिनामाचा अर्थच कृमिघ्न असा आहे. तिक्तरस व कृमिघ्न कर्म यांचा संबंध आपण जाणतोच. परंतु गण एक म्हणजे गुण एक, असे समजून आफ्रिकी झुडपावरील निष्कर्ष कडू जिऱ्यास लावणे शास्त्रीय ठरणार नाही.

अपकर्षण : खरखरीत पाने

चिंपांझी पहाटे, अन्न घेण्यापूर्वी, ॲस्पिलिया नामक वनस्पतीची खरखरीत पाने जिभेवर दुमडून न चावता गिळतात, असे १९८३ साली रिचर्ड रँगहॅम व तोशिसादा निशिदा यांनी नोंदविले. न चावता गिळलेले पान अखंडच मलावाटे पडते, अर्थात ते पोषणासाठी नव्हे. दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, या वनस्पतीत थायारुब्रिन हे प्रभावी जंतुनाशक द्रव्य असल्याचे प्रसिद्ध झाले आणि ‘चिंपांझीचे औषध’ म्हणून तिचा बराच बोलबाला झाला. पुढील पृथक्करणांत मात्र पानांमध्ये ते द्रव्य आढळले नाही.

उलगडा मलपरीक्षेने झाला. पडलेल्या पानांच्या घड्यांत व लवेत जिवंत कृमी अडकलेले मिळाले. रिकाम्या कोठ्यात गेलेली खरखरीत पाने आतड्याची गती वाढवितात, काही तासांतच बाहेर पडतात आणि सैल झालेले कृमी सोबत नेतात. कार्य द्रव्याच्या रसायनाचे नसून स्पर्शाचे व गतीचे आहे. आफ्रिकेतील निरनिराळ्या अरण्यांत तीसहून अधिक जातींची पाने अशा रीतीने गिळली जातात; त्यांचे समान लक्षण रसायन नसून खरखरीतपणा हे आहे. आपल्या परिभाषेत हे अपकर्षणच होय, तेही शोधनाच्या मार्गाने.

निदानपरिवर्जन व अनुभवजन्य ज्ञान

गाई व मेंढ्या ताज्या शेणा-लेंड्यांजवळचे गवत, ते हिरवेगार असले तरी, सोडून चरतात. कृमींची अंडी व अळ्या तेथेच अधिक असतात. औषधाविना होणारी ही सर्वांत स्वस्त चिकित्सा होय.

प्राण्यांस हे ज्ञान कोठून होते? सर्वच उपजत नसते. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठात हुआन व्हियाल्बा, फ्रेड प्रोव्हेंझा आदींनी २००६ साली मेंढ्यांच्या कोकरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कोकरांस त्रासदायक आहार देऊन त्या त्या त्रासाचा उतारा चाखविला. ज्या कोकरांनी त्रासानंतर उताऱ्याने उपशय अनुभवला होता, त्यांनी पुढे तसाच त्रास झाल्यावर नेमका तोच उतारा निवडला. ज्यांस हा अनुभव नव्हता त्यांना तो निवडता आला नाही. उपशयावरून औषध ओळखणे ही रीत वैद्यास परकी नाही.

एका वृत्ताविषयी

मे २०२४ मध्ये सुमात्रा बेटावरील राकुस नामक ओरांगउटान नराचे वृत्त सर्वत्र झळकले. जून २०२२ मध्ये त्याने फायब्रॉरिया टिंक्टोरिया या वेलीची पाने चावून रस गालावरील जखमेस लावला व नंतर चोथ्याने जखम झाकली. पाच दिवसांत जखम मिटली. ही वेल गुळवेलीच्याच कुळातील आहे. तथापि तेथील २१ वर्षांच्या व २८,००० तासांच्या निरीक्षणात असे वर्तन हे एकदाच दिसले. जखम वेलीवाचूनही भरली असती काय, हे यावरून सांगता येत नाही.

आता मुंगुसाकडे वळू. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखविले की मुंगुसाच्या स्नायूंवर ज्या ठिकाणी मज्जातंतूचा संदेश स्वीकारला जातो, त्या ठिकाणाची घडणच निराळी असल्याने नागाच्या जातीच्या सर्पांचे तेथे बसणारे विष त्यास चिकटत नाही. चपळाई व हे जन्मजात बळ हेच त्याचे संरक्षण. वेलीची आवश्यकता राहत नाही. आणि मुंगूसवेल हे नाव तरी एकाच वनस्पतीचे कोठे आहे? प्रदेशपरत्वे ते निरनिराळ्या वनस्पतींस दिले जाते. या कथेवर विसंबून सर्पदंशाच्या रुग्णास पाला देत बसणे म्हणजे प्रतिविषाचा मोलाचा काळ गमावणे होय.

आपले कर्तव्य

प्राण्याने वनस्पती खाल्ली एवढ्यावरून ती औषध ठरत नाही. प्राणी खरोखर रुग्ण होता काय, ती वनस्पती त्याचा नित्याचा आहार नव्हती ना, सेवनानंतर व्याधी शमली काय आणि तिच्यात त्या व्याधीवर कार्य करणारा गुण आहे काय, हे चारही प्रश्न सुटावे लागतात.

यास्तव औषधी विक्रेत्यांस आमची विनंती आहे की ‘वानरांनी शोधलेले औषध’ अशा स्वरूपाची जाहिरात करू नये. ग्रामीण भागातील वैद्यांनी धनगर, गुराखी यांच्याकडून गुरांच्या अशा सवयी ऐकल्यास वनस्पतीचा नमुना, सेविलेले अंग, मात्रा, काळ व ऋतू टिपून ठेवावा आणि पशुवैद्यकांच्या साहाय्याने आधी व नंतर मलपरीक्षा करवून घ्यावी. अशा दहा नोंदी शंभर आख्यायिकांहून मोलाच्या ठरतील.

रानात हिंडणारे गुराखी व धनगर औषधींची नावे व रूपे जाणतात, परंतु केवळ तेवढ्याने त्यांच्या योजनेचे ज्ञान होत नाही, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. देश, काल व पुरुष पाहून योजना करणारा तोच श्रेष्ठ वैद्य. प्राण्यांकडून संकेत अवश्य घ्यावा. योजनेचा भार मात्र वैद्यानेच वाहावयाचा आहे.